छापलेला कंटाळा

माझी भाची पुण्याहून आमच्याकडे राहायला आली ती पोरांच्या गोडीचं माप घ्यायला. हसू नका, मीही आधी हसलेच होते. म्हटलं, "अगं, गोडीचं माप कसलं घेतेस? पाक आहे का तो, बोटांत धरून तार बघायला?"

ती म्हणाली, "मावशी, तसंच काहीतरी असतं. बोटांऐवजी प्रश्न असतात, एवढंच."

ती पीएच.डी. करत होती. मुलांना शिकण्याची आतून किती ओढ आहे आणि त्यांना मार्क किती पडतात, या दोन्हींचं एकमेकांशी काय नातं लागतं ते तिला गणितानं काढायचं होतं. त्यासाठी तिनं शिरूर शहरातल्या काही शाळा घेतल्या होत्या आणि आमच्या दौंड तालुक्यातल्या यवत, केडगाव, वरवंडकडच्या काही. आमची वस्ती कालव्याच्या काठाला. राहायला हक्काची मावशी, आणि मावशीला बोलायला माणूस हवंच असतं. सकाळी डबा घेऊन निघायची, संध्याकाळी कागदांचे गठ्ठे घेऊन परत यायची आणि ओसरीवर लॅपटॉप उघडून बसायची. मी शाळेत थोडेच दिवस गेलेली. पुढं जे काही शिकले ते माझं मी, हाताला लागेल ते वाचून. त्यामुळं तिच्या कामाचं मला भारी कौतुक. मी सारखी मधेमधे विचारायची आणि ती न कंटाळता सांगायची. आता हा शब्दसुद्धा लिहिताना माझा हात अडखळतो. का, ते सांगतेच.

आधी त्या पोरीचं सांगते, कारण हे सगळं तिच्यापायी लिहायला घेतलंय.

कालव्याच्या पलीकडं शेवंतीवाल्यांची वस्ती आहे, त्या घरातली ती पोर. तेव्हा आठवीत होती. बाप कुरकुंभला कंपनीत, पाळ्यांच्या ड्युटीवर. आई आणि ही मिळून फुलं तोडायच्या. पुण्याच्या मार्केटला जाणारा टेम्पो यवतला हायवेवर थांबतो, त्याच्या आत माल तिथं पोचला पाहिजे, म्हणून तोडणी अंधारातच सुरू होते. दव पडलेलं असतं, हात गारठतात. तोडून, क्रेट भरून, मग अंघोळ, वेणी आणि शाळा. हे सगळ्याच घरांत चालतं, त्याचं कुणी कौतुक करत नाही, तीही करत नव्हती.

संध्याकाळी ती माझ्या ओसरीवर अभ्यासाला यायची. घरात तिच्या जागाच नसायची, फुलांचे ढीग पडलेले. आली की आधी माझ्या माठातलं पाणी प्यायची, मग कंपास काढायची. भूमिती तिची फार आवडती. पुस्तकातली सगळी गणितं झाली की स्वतःच नवीन काढायची. वर्तुळात वर्तुळ, त्यात षटकोन, त्यात आणखी काही. मला म्हणायची, "आज्जी, ह्ये बघा, कर्कटकाचं टोक हाललं न्हाई तर समदं आपसूक जुळतं." मला त्यातलं ओ की ठो कळत नसायचं, पण तिचा चेहरा कळायचा. कधी कधी वहीवरच डोकं टेकून झोपून जायची. मी उठवायची नाही. जाग आली की दचकून, जिथं राहिलं होतं तिथूनच पुढं सुरू करायची.

तिला शिरूरला जायचं होतं. तिथं एका संस्थेनं राहून अभ्यास करायचा वर्ग काढला होता. खेड्यांतली मुलं नववी-दहावीसाठी नेऊन ठेवायची, शिकवायला चांगले शिक्षक, लॅबसुद्धा. आमच्या शाळेतली एक मुलगी आदल्या वर्षी गेली होती, ती दिवाळीला आली तेव्हा सगळ्यांना तिथल्या सूक्ष्मदर्शकाचं सांगत सुटली होती. तेव्हापासून या पोरीच्या डोक्यात तेच. चौफुल्यावरून शिरूरला किती वाजता गाड्या सुटतात तेही तिला पाठ. बापानंही "लागला नंबर तर जा" असं म्हटलं होतं. आणि नंबर कसा लावायचा, ते ठरवायला त्या संस्थेनं त्या वर्षी माझ्या भाचीचेच प्रश्न घेतले होते. नुसते मार्क बघून पोरं नेली की काही पोरं मधेच परत येतात, म्हणून ज्यांना आतून ओढ आहे अशीच न्यायची, असा त्यांचा विचार. विचार वाईट होता असं मी आजही म्हणणार नाही.

प्रश्न म्हणजे एकेक वाक्य छापलेलं असायचं आणि पुढं पाच चौकटी, कधीच नाही पासून नेहमीपर्यंत. आपल्याला लागू पडेल त्या चौकटीत खूण करायची. "मला नवीन गोष्टी शिकायला आवडतात." "अवघड गणित आलं तर मी सोडून देतो." "मला अभ्यासाचा कंटाळा येतो." अशी पुष्कळ वाक्यं. मूळ इंग्रजी. भाचीनं आणि पुण्यातल्या दोन प्राध्यापकांनी मराठीत आणली, मग तिसऱ्याच कुणाकडून परत इंग्रजीत करून घेतली, अर्थ तोच राहतो का बघायला. तो राहिला होता. पुण्यातल्या मुलांवर तपासूनही झालं होतं. कामात कुचराई करणारी पोर नव्हे ती, हे मी मुद्दाम सांगते.

एका शाळेत तर गंमत झाली. भाची कागद वाटून मागं जाऊन उभी राहिली, आणि वर्गावरचे सर मुलांना म्हणाले, "हे बघा, पाव्हणी बाई पुण्यास्नं आल्यात. समद्यांनी शेवटच्या चौकटीत खुणा करा. शाळेचं नाव घालवू नका!" मुलांनी मुकाट शेवटच्या चौकटीत खुणा केल्या. आवडतं, नेहमी. सोडून देतो, तेही नेहमी! घरी येऊन ती डोक्याला हात लावून बसली. मी म्हटलं, "मग आता?" म्हणाली, "हा गठ्ठा बाद. असं ओळखू येतं तेव्हा बरं असतं मावशी. ओळखू येत नाही तेव्हाच खरी भीती."

आमच्या शाळेत मात्र सगळं नीट झालं. भाचीनं मुलांना स्वतः समजावून सांगितलं, यात चूक-बरोबर काही नाही, मनातलं लिहा. ती पोर संध्याकाळी आली आणि मला म्हणाली, "आज्जी, म्या खरं खरं लिवलं. शेजारची समद्यालाच चांगलं चांगलं लिवत व्हती. म्या न्हाई तसलं केलं."

"शहाणी माझी ती," म्हटलं मी.

मग पुण्याला जाऊन येऊन भाचीची गणितं सुरू झाली. एकदा तिनं मला पडद्यावर दाखवलं. नुसते ठिपकेच ठिपके. प्रत्येक मूल म्हणजे एक ठिपका. आडवी गोडी, उभे मार्क. आणि त्यातून एक रेघ गेलेली. मी म्हटलं, "ही कसली गं रांगोळी? आपल्या रांगोळीत रेघ ठिपक्याला वळसा घालून जाते. तुझी तर कुणालाच विचारत नाही, सरळ निघालीये." ती खूप हसली. म्हणाली, रेघ सगळ्यांच्या जमेल तितकी जवळून जाते, पण सगळ्यांना शिवू शकत नाही. जे ठिपके तिच्यापासून लांब पडतात, त्यांच्याकडं निराळं बघायचं असतं.

शिरूर शहरातली मुलं रेघेच्या जवळ होती. आमच्याकडचे मात्र बरेच ठिपके वरच्या डाव्या कोपऱ्यात जमलेले. म्हणजे मार्क चांगले आणि गोडी नाही. हे असं का, यावर तिचे पुण्याचे सर आणि ती पुष्कळ दिवस बोलत होती. शेवटी सरांनी त्याला एक नाव दिलं, बाहेरच्या दबावाखाली शिकणारी मुलं. घरच्यांच्या धाकानं अभ्यास करतात, मार्क मिळवतात, पण आतून काही नाही. धाक सुटला की अभ्यास सुटतो. ऐकायला पटण्यासारखंच होतं. आमच्याकडचे बाप ओरडतात, हे काय खोटं आहे?

संस्थेनं निवड केली. दबावाखालची मुलं घ्यायची नाहीत, ती टिकत नाहीत, असं ठरलं. या पोरीचं नाव आलं नाही. तिच्याहून कमी मार्कांची दोन मुलं गेली.

बरं, नाव आलं नाही तर नाही. पण संस्थेचा माणूस शाळेत आला होता, त्याला वर्गशिक्षकांनी सगळ्यांसमोर विचारलं, हिचं कसं काय राहिलं? त्यानं कागद चाळून सांगितलं, "मार्क आहेत, पण हिला आतून गोडी नाहीये. शास्त्रीय पद्धतीनं काढलंय, आमच्या मनाचं नाही." वाईट हेतूनं नाही बोलला. उलट वशिला नाही झाला हे सांगायला गेला.

संध्याकाळी ती आली. पाणी प्यायली नाही. खांबाला टेकून उभी राहिली आणि मला म्हणाली, "आज्जी, आतून म्हंजी कुठनं?"

मी म्हटलं, "काय गं?"

"त्ये म्हणले, मला आतनं गोडी न्हाई. गणितानं काढलंय म्हणं." मग म्हणाली, "मला वाटायचं, हाय. पर गणितानं काढलंय म्हणल्यावर..."

मी किती बोलले! म्हटलं, जाऊ दे, त्यांना काय कळतंय, तू तुझं चालू ठेव. ती मान हलवत होती. त्या दिवशी कंपास काढला नाही. दोन-चार दिवस येऊन बसली, पुस्तक उघडून नुसती रस्त्याकडं बघत. मग येणं बंद झालं.

भाची तेव्हा पुण्यात होती. पुढच्या खेपेला आली तेव्हा तिनंच विचारलं, ती कंपासवाली कुठंय? मी सांगितलं. तिला ते फार लागलं. म्हणाली, चल, जाऊन येऊ. ऊन चढलेलं, कालव्याचा पूल लांब, बांधाबांधानं जायचं. तिला सवय नाही, चेहरा लालबुंद झाला. पोर शाळेत होती. तिची आई शेवंतीत खुरपत होती, ती हात झटकत आली, आम्हाला झाडाखाली बसवलं, तांब्या आणला.

"टेका काकी. बाई, तुम्ही बी टेका. लई कटाळला असाल."

भाची शिष्टाचारानं म्हणाली, "नाही हो, कंटाळा कसला! मला आवडतं हे काम."

ती बाई तोंडाला पदर लावून हसायला लागली. "आता गं बया! आवाडतं म्हणून काय कटाळा येत न्हाई व्हय? आमच्या ह्यांस्नी कंपनीतलं काम लई आवाडतं, पर ड्युटीवरनं आलं का कटाळून अशे पडत्यात, जेवाया बी उठत न्हाईत. आन् ही पोर! पहाटचं फुलं तोडायची, दिसभर साळा, वर तुमच्या वसरीवर अभ्यास. रोजचा कटाळा तिला. पर जायाचं काय सोडलं नव्हतं, आत्ता सोडलंय तेवढं."

भाचीच्या हातातला तांब्या तसाच राहिला. माझ्याकडं बघून हळूच म्हणाली, "मावशी, कटाळा म्हणजे दमणं?"

"दमणंच की," मी म्हटलं. "दुसरं काय?"

आणि म्हणता म्हणता मलाही उमगलं. मी तो छापील कागद वाचला होता. पण छापलेला कंटाळा आणि आमच्या तोंडातला कटाळा हे माझ्या डोक्यात दोन निरनिराळ्या घरांत राहात होते. छापलेला म्हणजे मन न लागणं, पुस्तकातला. बोलण्यातला म्हणजे अंग मोडून येणं. पोरांनी छापलेला वाचला आणि बोलण्यातला लिहिला. मला अभ्यासाचा कंटाळा येतो. नेहमी. का नाही येणार? तोडणी करून जो जास्त अभ्यास करेल त्याला जास्तच येणार.

आणि ते एकच वाक्य नव्हतं. "गृहपाठ करताना मी कंटाळतो." "कंटाळा आला तरी मी अभ्यास सुरू ठेवतो", हे एक बरं होतं, पण बाकीची तीन-चार तशीच, त्याच शब्दावर उभी. शिरूर शहरातली पोरं कंटाळा म्हणजे बोअर होणं समजली, बरोबर समजली. आमची पोरं आपल्या परीनं बरोबरच समजली. जी जितकी राबून शिकत होती, ती तितकी डावीकडं ढकलली गेली.

भाची झपाझप बांधावरून घराकडं निघाली. घरी आल्याबरोबर तिनं सरांना फोन लावला. मी स्वैपाकघरात होते, तिचं सगळं ऐकू येत होतं. सर काय म्हणाले ते तिनं मला नंतर सांगितलं. त्यांचं म्हणणं, उत्तरांत चुका असतातच, कुणी जास्त लिहितं, कुणी कमी, पुष्कळ मुलं घेतली की त्या एकमेकींना मारून टाकतात. त्यावर हिचं बोलणं मला ऐकू आलं, "सर, मारायला त्या दोन्ही बाजूंना असायला हव्यात ना! या सगळ्या एकाच बाजूला आहेत. आणखी मुलं घेतली तर आपण आणखी ठामपणानं चुकू."

मला टेम्पो आठवला. क्रेट सगळे एकाच बाजूला लावले आणि वर आणखी क्रेट टाकले, म्हणून टेम्पो काही सरळ होत नाही.

सर वाईट नव्हते. त्यांनी ऐकलं. भाचीनं प्रश्न बदलले, दमणं निराळं विचारलं, मन न लागणं निराळं. पुन्हा शाळा-शाळा फिरली. वरच्या डाव्या कोपऱ्यातले पुष्कळ ठिपके सरकून आले, आणि दबावाखालची मुलं म्हणून जी एक जात तयार झाली होती ती जवळजवळ विरून गेली. ती मुलं कधी नव्हतीच. तिनं संस्थेला सगळं लिहून कळवलं, चूक आपली म्हणून लिहिलं. संस्थेनं मान्य केलं. पण वर्ग भरलेला, वर्ष सुरू झालेलं. म्हणाले, पुढच्या वर्षी एक जागा दहावीसाठी मोकळी करू, त्या मुलीला पाठवा.

या सगळ्यात वर्ष गेलं. लिहायला हे इतकं सोपं आहे.

त्या नव्या फेरीत भाचीनं तिच्या वर्गालाही कागद दिले होते. ते तपासताना ती एका कागदाशी थांबली, आणि मग मला म्हणाली, "मावशी, माझ्याबरोबर येतेस?" आम्ही परत पूल ओलांडून गेलो. पोर घरीच होती, क्रेट धूत होती. उंच झाली होती. आम्हाला बघून हात पुसत आली, भाचीच्या पाया पडायला वाकली. भाचीनं धरून उठवलं आणि सगळं सांगितलं. शब्दाची चूक कशी झाली, ती तिची नव्हती, आपली होती, आता शिरूरची जागा आहे, तू चल.

तिनं नीट ऐकून घेतलं. मग म्हणाली, "नगं ताई."

"अगं, का?"

"मला न्हाईच त्ये. आतनं."

"पण ते चुकीचं होतं! तू दमत होतीस, मी ते..."

"तवाचं न्हाई म्हणत, आत्ताचं म्हणती. आत्ता तुम्ही दमायचं येगळं इचारलं व्हतं. म्या बघून लिवलंय." आणि तिला वाटलं असावं की ताईला वाईट वाटतंय, म्हणून समजूत घातल्यासारखी हसली. "तुमचं तवाच बराबर आलं व्हतं ताई. मलाच उशिरा कळलं."

भाचीनं तिचा हात धरून ठेवला होता. त्या पोरीच्या आईनं चहा टाकते म्हटलं, आम्ही नको म्हणून निघालो. कालव्यावर आल्यावर भाची मला म्हणाली, "या खेपेला तिचा कागद बरोबर आहे. प्रश्न बरोबर, उत्तर बरोबर. यात चूक कुठं दाखवू मी?" आणि पुलावरच बसून रडली. रस्त्यानं दूधवाला गेला, तो थांबून बघायला लागला. मी त्याला म्हटलं, "काय न्हाई बाबा, डोळ्यात काही गेलंय."

ती जागा दुसऱ्या मुलीला गेली. भाचीचा प्रबंध झाला. त्यात या शब्दावर एक पूर्ण प्रकरण आहे आणि ते वाचून कुणीतरी दुसऱ्या तालुक्यांत आधी पोरांशी बोलून मग प्रश्न छापले, असं ती सांगते. चांगलं झालं. तिला मी कधी दोष दिला नाही, देणारही नाही.

पोर दहावी पास झाली, मध्यम मार्कांनी. आता केडगावला जाते कॉलेजला, जायचं म्हणून. कालव्यावर भेटते, थांबते, बोलते, माझी तब्येत विचारते. मी दर वेळी तिला तेच म्हणते, अगं, तू वहीवर डोकं टेकून झोपायचीस आणि उठून तिथूनच पुढं करायचीस, ती गोडी नव्हती तर काय होतं? ती म्हणते, "तवा असंल आज्जी, मला याद न्हाई." मी म्हणते, मी बघितलंय ना. ती नुसती हसते. तिच्याकडं गणितानं काढलेलं आहे, माझ्याकडं नुसतं बघितलेलं. मग ती म्हणते, जाती आज्जी, आई वाट बघत असंल. आणि जाते.